असा प्रसंग कधीही घडला नाही

सर, तुमच्या फोटोला हार घालायला मी आले नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी अख्खं कॉलेज तुमच्या दारातल्या मांडवात बसलं होतं आणि मी आत स्वयंपाकघरात तुमच्या मंडळींजवळ, म्हणजे काकूंजवळ, भिंतीला टेकून होते. बाहेर माइकवर एकेक जण उठून तुमचे गुण सांगत होता. शिस्तप्रिय. निगर्वी. मनमिळाऊ. मनमिळाऊ! तुम्ही! मला असं हसू फुटलं की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला. काकूंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग मला खरंच रडू आलं.

कार्यक्रम संपल्यावर विभागप्रमुखांनी मला ओट्यावर गाठलं. "वैशाली मॅडम, तुम्ही सरांच्या सगळ्यात जवळच्या विद्यार्थिनी. स्मरणिकेला दोन पानं द्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी देते म्हटलं. ते लिखाण म्हणजे हेच. छापतील असं वाटत नाही. नाही छापलं तरी तुम्हाला ऐकावं लागणार आहे, कारण आता माझं बोलणं अर्ध्यावर तोडून, हजेरीपट काखेत मारून, "चल व, मन्हा तास शे" म्हणत तुम्हाला पळता येणार नाही.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, सर. तुम्ही गेलात म्हणून चिडले असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. मी त्या पत्रासाठी चिडले आहे. मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

पत्राचं सांगते. पण आपल्या विभागात पत्रं कशी निघायची ते आधी सांगायला हवं, नाहीतर स्मरणिका वाचणाऱ्या पाहुण्यांना वाटेल ही बाई उगाच मेलेल्या माणसावर तोंड टाकतेय. आपल्याकडे शिफारसपत्र लिहायचं काम गुरूचं नसतंच. कुणी एमएस्सीचा मुलगा यायचा, दारात चपला काढायचा, "सर, पत्र पाहिजे होतं." तुम्ही वर न बघता म्हणायचात, "लिखी आन, सही करी देस." मुलाला काय लिहायचं ते कळायचं नाही. मग तो माझ्या टेबलाशी. सात वर्षं त्या विभागातून निघालेलं प्रत्येक शिफारसपत्र मी लिहिलं आहे. मुलगा सिन्सिअर आहे, हार्डवर्किंग आहे, ओबिडियंट आहे, चांगल्या घरचा आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचायचात आणि दर वेळी एकच दुरुस्ती करायचात. ओबिडियंटच्या आधी 'व्हेरी' घालायचात. तुमचा मेलसुद्धा मीच बघायचे. पासवर्ड मला पाठ, तुम्हाला नाही.

माझी पीएचडी झाली आणि मी बाहेर जायचं म्हणू लागले. तुम्हाला आठवतो तो दिवस? मी तुम्हाला समजावून सांगत होते की पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत राहायचं, आपला स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायचं, मग पुढे आपली प्रयोगशाळा. तुम्ही पेरू खात होतात. फोडीला मीठ लावत म्हणालात, "म्हंजे दुसऱ्याना घर सालदार ऱ्हानं. पीएचडी करीसन सालदारकी कसाले?"

"मग इथं मी कोण आहे, सर?" मी म्हटलं. "तासिका तत्त्वावर, दर जूनला नव्याने अर्ज, उन्हाळ्यात घरी बसा. ही सालदारकी नाही तर काय आहे? शेतावरच्या सालदाराला निदान वर्षाच्या बोलीची तरी खात्री असते."

तुम्ही पेरू तसाच ठेवून उठलात. दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालात, "पुढल्या वरीसले जागा निघनार शे. तू आठेच ऱ्हाय." ही पुढल्या वर्षीची जागा मी चार वर्षं ऐकत होते. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, तुम्हाला खरंच वाटायचं की निघेल. पण तुमच्या वाटण्यावर माझं वय थांबत नव्हतं. बहुतेक ठिकाणी पस्तीसच्या आत अर्ज करावा लागतो आणि मला चौतिसावं लागलं होतं.

मी लपूनछपून काही केलं नाही. जाहिराती शोधल्या, ज्यांचे शोधनिबंध वाचले होते त्या प्राध्यापकांना मेल लिहिले. तुम्ही खांद्यावरून वाकून बघायचात आणि टोमणा मारायचात, "मेल धाडीसनी कोन नोकरी देस व? ओळख लागस, ओळख." बहुतेकांची उत्तरं आलीच नाहीत, आणि प्रत्येक वेळी तुमचा चेहरा असा व्हायचा की बघ, मी म्हटलं नव्हतं? तेव्हा मला तुमचा इतका संताप यायचा की मी खिडकी उघडून उभी राहायचे.

आणि मग दक्षिणेतल्या त्या विद्यापीठाचं उत्तर आलं. पपईवरच्या विषाणूंवर काम करणारी प्रयोगशाळा, तिथल्या प्रमुख बाईंनी माझा प्रबंध उघडून वाचलेला. गच्चीवर बसून मी ऑनलाइन मुलाखत दिली, कारण कळसाडीत आमच्या घरात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. बाई पाऊण तास बोलल्या. रोपं झाकायच्या माझ्या पिंजऱ्यांचे फोटो बघून मोठ्याने हसल्या, चेष्टेने नाही, आवडल्यासारख्या. शेवटी म्हणाल्या, "मला तुमचं काम आवडलं. आता फक्त तुमच्या मार्गदर्शकांचं पत्र आलं की झालं." मी खाली येऊन आईला मिठी मारली. आई भाकरी थापत होती, माझ्या पाठीवर तिच्या पिठाच्या हातांचे पंजे उमटले. वहिनी म्हणाली, "ताई, आता बॅग घ्या, आमच्या लग्नातली नका नेऊ, तिची चेन गेलीय."

पत्राचा कोरा फॉर्म तुमच्या मेलवर आला. म्हणजे माझ्याच हातात आला! मी मनात आणलं असतं तर तिथंच बसून माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहून 'पाठवा' दाबू शकले असते. सात वर्षं दुसऱ्यांसाठी तेच केलं होतं. पण स्वतःसाठी हात धजेना. मी फॉर्म छापून तुमच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, कच्चं लिहून देऊ का?"

तुम्ही फॉर्म वाचलात. पहिल्यांदा कुठलाही फॉर्म शेवटपर्यंत वाचलात. वरती लिहिलं होतं की ही माहिती गोपनीय आहे, उमेदवाराला दाखवू नये. तुम्ही कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत. "हाई मी सोता लिखसू. तुले दखाडनार नही. नियम म्हंजे नियम."

नियम! तुम्ही! जन्मात एकदा तुम्ही नियम पाळलात, आणि तो नेमका माझ्या वेळी. दोन दिवस घरी बसून लिहिलंत, तिसऱ्या दिवशी माझ्याकडून चिठ्ठीवर पासवर्ड नेऊन स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गोटूभाऊकडून टाईप करून घेतलंत आणि त्याच्याकडूनच पाठवलंत. तिथून कॉलेजात आलात ते लग्न जमवून आलेल्या मामासारखे. "धाडी दिनं," म्हणालात. "असं लिखेल शे, असं लिखेल शे... आते तू काय वापस येत नही." त्या दिवशी तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांना भजी खायला घातलीत. मला तर तुम्ही स्वतःच्या हाताने प्लेट आणून दिलीत, आणि मी वेडी, तुमच्या पाया पडले.

तीन आठवड्यांनी नकार आला. सौजन्याने लिहिलेला. स्वतंत्र विचार करू शकणारा, वरिष्ठांशी मतभेद झाला तरी आपलं म्हणणं मांडू शकणारा उमेदवार आम्हाला हवा होता, वगैरे. मी तो मेल किती वेळा वाचला असेन! स्वतंत्र विचार? माझ्यापाशी बाकी काही नसेल, पण तोंड तरी आहे ना? मी मुलाखतीतलं एकेक वाक्य आठवून बघितलं. कुठं चुकले? इंग्रजीत अडखळले का? फार हो हो केलं का? आईला वाटलं नजर लागली. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे व. त्यास्नं करम. हुशार पोर गमायी त्यास्नी." आणि लगेच पुढं, "पुढल्या वरीसले जागा निघनार शे."

दोन महिने मी स्वतःला खात होते आणि तुम्ही माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होतात. आणि मग एका मंगळवारी तुम्ही वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढता काढता खाली बसलात आणि उठला नाहीत.

चौथ्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, सरांच्या मेलवर कुणाकुणाचे प्रबंध तपासायला आलेले असतील, त्या विद्यापीठांना कळवून टाका. मी बसले. एकेकाला कळवत गेले की सर गेले, सर गेले. आधी कुणाला काय उत्तर गेलंय ते बघावं म्हणून पाठवलेल्या मेलमध्ये गेले, आणि तिथं गोटूभाऊने पाठवलेलं तुमचं पत्र होतं, तुमचा नियम म्हणून इतके दिवस मी न शोधलेलं.

मी ते उघडायला नको होतं? नियम म्हणजे नियम? सर, माझं नशीब त्यात होतं. मी उघडलं.

"उमेदवार अतिशय नम्र असून व्हेरी ओबिडियंट आहे. कळसाडी येथील प्रतिष्ठित शेतकरी कुटुंबातील असून भाऊ प्रगतशील बागायतदार आहे. सात वर्षांत तिने एकदाही आवाज चढवून बोललेली नाही. सांगितलेले काम निमूटपणे करते. कोणत्याही घरात..." घरात नाही, प्रयोगशाळेत म्हणायचं होतं तुम्हाला, "...कोणत्याही प्रयोगशाळेत मिसळून जाईल." हे सगळं इंग्रजीत. माझीच वाक्यं, सर! मी पोराटोरांसाठी पाडलेली वाक्यं तुम्ही एकाखाली एक लावली होती आणि मधे मधे स्थळाची माहिती भरली होती. आपल्याकडे मुलाकडचे लोक गावात गुपचूप चौकशीला येतात, पोरगी कशी आहे विचारतात, आणि पारावरचा प्रत्येक माणूस सांगतो, गाय आहे गाय. पोरगी वाघीण असली तरी. तसंच तुम्ही केलंत.

आणि खाली तो प्रश्न होता. त्यांनी मुद्दाम वेगळा रकाना केला होता, चांगला अर्धं पान जागा सोडून: उमेदवाराचा तुमच्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा, उमेदवाराने तो कसा हाताळला?

तुमचं उत्तर एका ओळीचं होतं. "असा प्रसंग कधीही घडला नाही."

कपाळ माझं! घडला नाही? मग मी सांगते काय घडलं. आता तुम्ही ऐका, आणि स्मरणिकेच्या वाचकांनीही ऐका.

आपल्या भागात पपई लावणाऱ्याला एकच धास्ती असते. झाड कमरेएवढं झालं की पानं पिवळट चितकबरी होतात, आक्रसतात, फळांवर गोल गोल ठिपके. मोझॅक. तुम्ही पंधरा वर्षं प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगत आलात की हा रोग बांधावरच्या काकडी-गिलक्याच्या वेलांवरून येतो, मावा नावाची कीड तो उडवत आणते, तेव्हा वेल उपटा. लोकांनी वेल उपटले. रोग जाईना. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मला दिसत होतं की ज्यांच्या बांधावर वेलच नाही त्यांचीही पपई जाते. फक्त त्या सगळ्यांनी रोपं उघड्यावरच्या रोपवाटिकांतून आणलेली असतात. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुले काय समजस? रोपं हिरवीगार ऱ्हातस." मी म्हटलं, आतून आजारी असलेलं माणूसही दोन दिवस हिंडतं-फिरतं. तुम्ही म्हणालात, सिद्ध कर.

मी सिद्ध केलं. आमच्या गच्चीवर दोन पिंजरे केले, बांबूचे, वरून आईच्या जुन्या वॉयलच्या साड्या दुहेरी शिवून. एकात रोपवाटिकेतली चाळीस रोपं, दुसऱ्यात मी घरी बी टाकून उगवलेली चाळीस. मावा आत जायला जागाच नाही. गावातल्या बाया विचारायच्या, वैशालीने साड्यांत काय झाकलंय? महिन्याभरात रोपवाटिकेची पानं चितकबरी व्हायला लागली. माझी नाही.

मी ते तुम्हाला दाखवायच्या आधीच मेळावा आला. तुम्ही माइकवर वेल उपटायचं सांगत होतात. माझा चुलतभाऊ पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होता. त्याची पपई त्याच वर्षी गेली होती आणि तो नवी रोपं सांगून आला होता, त्याच रोपवाटिकेतून. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "सर, हे चूक आहे. रोग रोपांतूनच येतोय. वेल उपटून काही होणार नाही."

मांडवातून एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "ताई, सरनं खरं का तुन्हं खरं?"

"माझं," मी म्हटलं.

तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तुम्ही माइकवरच म्हणालात, "चार पानं वाचनी का अंडं कोंबडीले शिकाडस." लोक हसले. मी तरी बसले नाही. मी म्हटलं, माझ्या गच्चीवर या आणि डोळ्यांनी बघा, मग बोला. आपण दोघं भर मेळाव्यात वीस मिनिटं कचाकचा भांडलो, सर! विभागप्रमुख मधे पडायला गेले तर आपण दोघंही त्यांच्यावर ओरडलो. असा प्रसंग कधीही घडला नाही, काय?

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही मला शिपायामार्फत निरोप पाठवत होतात. मी समोर बसलेली असताना. मी प्रबंधाचा नाद सोडून द्यायच्या बेतात होते. मग एका सकाळी तुमची मोटरसायकल कळसाडीला आमच्या दारात. आईने घाईघाईने पदर सावरला. तुम्ही सरळ जिना चढून गच्चीवर. एकेका पिंजऱ्यासमोर उकिडवे बसलात, भिंग काढलंत, पानं उलटी करून पाहिलीत, साडीची शिवण बोटाने चाचपून बघितलीत, कुठं भोक आहे का म्हणून. तासभर. मी जिन्यात उभी. खाली आलात, चहा प्यायलात. "चहा झकास शे," म्हणालात आणि गेलात. बस्स! एवढंच! पुढच्या मेळाव्यात तुम्ही लोकांना सांगितलंत की झाकलेल्या रोपवाटिकेतलीच रोपं घ्या. कुणी शोधून काढलं ते सांगितलं नाहीत. माझं बरोबर होतं हे तुम्ही मला आजतागायत सांगितलेलं नाही.

पण माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण तुम्ही खोडलं नाहीत. उलट ते पहिलं घ्यायला लावलंत, आणि बाहेरचे परीक्षक साड्यांच्या पिंजऱ्याला हसले तेव्हा तुम्ही टेबलावर हात आपटून अर्धा तास त्यांच्याशी हुज्जत घातलीत. हे मी विसरलेले नाही. पान कसं बघायचं ते तुम्ही शिकवलंत. "पहिले खालनी बाजू दख. वरनी बाजू समदास्ले दखास." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तुम्ही लहान पोरासारखे "ये, ये, दख" ओरडायचात. तुमच्यासारखा शिक्षक मला दुसरा मिळाला नाही. म्हणून तर राग जास्त येतो. एखाद्या ठोंब्याने असं पत्र लिहिलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

गंधमुक्तीला मी आत बसले होते ती त्यासाठीच. बायका उठून गेल्या तशी मी काकूंना विचारलं, "काकू, सरांनी माझं ते पत्र लिहिलं तेव्हा तुम्ही होतात का?"

"मी नही तं आखो कोन?" काकू म्हणाल्या. "दोन दिन झोकावर बशीसन लिखी ऱ्हायंतात. जेवाना पत्ता नही. चार पानं लिखात. मले वाची दखाडात. मी काय चौथी शिकेल, मले इंग्रजी काय समजस? तं मराठीमा सांगात."

"काय सांगितलं?"

काकूंनी डोळे पुसले आणि थोडं हसल्या. "तुन्ही ती समदी भांडननी गोट. मेळावानी. तू कशी उभी ऱ्हायनी, काय बोलनी, त्या साड्या. तुन्हा सर म्हनेत, 'पोर बरोबर व्हती, मी पंधरा वरीस चुकीचं सांगत ऱ्हायनू. मन्हा तोंडवर सांगाले बाकी कोनी हिंमत नही करी.' दोन पानं तं तेच व्हतं."

मी म्हटलं, "मग ते पत्रात का नाही?"

"मीच सांगं," काकू म्हणाल्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या. "मी म्हनं, असं कोनी लिखस का? पोर परमुलखमा जाई ऱ्हायनी. लेकनं तोंड मोठं शे, हाई कोनी सासरले सांगस का? वाटोळं व्हई जाई पोरनं. तुन्हा सर पहिले ऐकेतच ना. म्हनेत, 'त्यास्नी सवताहून इचारेल शे.' मी म्हनं, इचारतसच ते. चौकशीमा समदा इचारतस. आपुन सांगानं नही ऱ्हात. मंग सर समदा दिन गप बठनात, आनि खोडी टाकं."

"ते कागद कुठं आहेत, काकू?"

"बंबमा टाकात," काकू म्हणाल्या. "कसाले व? काही चुकनं का मन्हं?"

त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसलेलं, आणि मी त्यांना सांगू की माझ्या आयुष्यातली एकुलती एक चांगली गोष्ट तुम्ही बंबात जाळलीत? मी म्हटलं, "नाही काकू, काही चुकलं नाही." मी बाहेर आले आणि चपला न घालताच रस्त्यापर्यंत गेले.

तुमच्यावरचा राग तिथं संपायला हवा होता, नाही का? प्रेमापोटी केलं, झाकलंत, लेक मानलंत. लोक हेच म्हणतील. नाही संपला, सर. उलट भडकला. काकू चौथी शिकलेल्या आहेत, त्यांना माफ. तुम्ही कोण होतात? तीस वर्षं विज्ञान शिकवलंत! समोर दिसतं ते लिहा, आपल्या मनाविरुद्ध गेलं तरी लिहा, हे मला तुम्ही शिकवलंत. आणि माझ्याबद्दल जे डोळ्यांनी बघितलंत ते खोडलंत. माझ्या भांडणाची तुम्हाला लाज वाटली का? की मनात कुठं तरी होतं की पोरगी इथंच राहील तर बरं? हे मला विचारायचं होतं. तोंडावर. दार लावून, आवाज चढवून.

परवा मी प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख बाईंना मेल लिहिला. सगळं लिहिलं. मेळावा, साड्या, गच्ची, पत्र, काकू, बंब. स्वतःच्या गुरूने फॉर्मवर खोटं लिहिलं, हे वाक्य दोनदा खोडलं. तुम्ही जाऊन पुरता पंधरवडाही झाला नव्हता. पण लिहिलं. पाठवलं.

काल उत्तर आलं. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं, पण ती जागा भरली गेली आहे. हिवाळ्यात आणखी एक जागा निघेल, जरूर अर्ज करा. वैशाली, तुमचं स्वतःचं म्हणणं मी मानते, पण निवड समितीला ते चालणार नाही, तिसऱ्या माणसाने लिहून द्यावं लागतं. तेव्हा या वेळी तुमच्याशी खरोखर वाद घातलेल्या, तुमचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केलेल्या एखाद्या माणसाकडून पत्र आणा.

काल दुपारपासून मी माणसं आठवतेय. विभागप्रमुख मला "मॅडम म्हणतील तसं" म्हणतात. सोबतचे माझ्या नाकावरच्या रागाला भिऊन वाटेतून बाजूला होतात. घरी आई आणि भाऊ "बरं बाई, तुझं खरं" म्हणून ताट पुढं सरकवतात. मुलं वहीत उतरवून घेतात. माझं म्हणणं चूक आहे असं मला कुणीच सांगत नाही, सर. तेवढी कुणाला माझी पर्वा नाही. सात वर्षं रोज सकाळी येऊन माझ्याशी भांडणारा माणूस मला एकच मिळाला होता, आणि अर्जाची मुदत दोन महिन्यांवर आहे. पत्र देणाऱ्याच्या रकान्यात मी कुणाचं नाव लिहू?